झोप का बिघडते, कशी सावरते

१९१६-१७च्या हिवाळ्यात, पहिले महायुद्ध चालू असताना, व्हिएन्नातल्या मनोविकार रुग्णालयात विलक्षण रुग्ण दाखल होऊ लागले. त्यांना अशी झोप घेरत असे, की घास तोंडात असतानाही डोळे मिटत. हलवून जागे केले तर ते विचारलेल्याचे नीट उत्तर देत आणि लगेच पुन्हा झोपी जात. आठवडेच्या आठवडे हे चाले. त्याच साथीतल्या काही रुग्णांची गत नेमकी उलटी होती. दिवसरात्र त्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे.

कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो हे तिथले डॉक्टर. या साथीत दगावलेल्यांचे मेंदू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा जेमतेम चार ग्रॅमचा भाग असतो. सतत झोपणाऱ्यांच्या मेंदूत इजा या भागाच्या मागच्या बाजूला होती, तर झोप उडालेल्यांच्या मेंदूत पुढच्या बाजूला. इकोनोमोंनी अनुमान काढले, की मेंदूत माणसाला झोपवणारे एक केंद्र आहे आणि जागे ठेवणारे दुसरे. दिवसभराच्या कष्टांनी मेंदू थकतो आणि आपोआप मंदावतो, ही तेव्हाची रूढ समजूत होती. झोप हे मेंदूने स्वतः पार पाडायचे काम आहे, हे एका साथीने दाखवून दिले. इकोनोमोंनी सांगितलेल्या पुढच्या भागातल्या, झोप आणणाऱ्या पेशी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना १९९६ मध्ये उंदरांच्या मेंदूत सापडल्या.

झोपेविषयी आज जे ठाऊक आहे, त्यातले बरेचसे ज्यांची झोप बिघडली त्यांनीच शिकवले आहे. आपल्याकडे मात्र अशा माणसांची वर्गवारी अजूनही स्वभावावरून होते. कुणी आळशी, कुणी झोपाळू, कुणी काळजीखोर. प्रत्यक्षात हे शरीरातल्या यंत्रणांचे बिघाड आहेत, त्यातले बरेच ओळखता येतात आणि बहुतेकांवर उपाय आहे.

निरोगी रात्र कशी असते

जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विद्युत्लहरी पहिल्यांदा नोंदवल्या. त्या तंत्रामुळे झोपमोड न करता झोपेत डोकावता येऊ लागले. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातले युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी जाहीर केले, की झोपेत ठरावीक काळाने बंद पापण्यांआड डोळे वेगाने हलू लागतात आणि तेव्हा उठवले तर बहुतेक माणसे स्वप्न सांगतात. ही स्वप्ननिद्रा. या काळात मेंदू जागेपणाइतकाच कामात असतो, पण डोळे आणि श्वासाचा पडदा सोडला तर शरीराचे बाकीचे स्नायू जवळपास लुळे पडलेले असतात.

रात्रभरात सुमारे नव्वद मिनिटांची चार ते सहा आवर्तने होतात. हलकी झोप, मग संथ लहरींची गाढ झोप, मग स्वप्ननिद्रा. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात येतो, स्वप्ननिद्रेचा पहाटेकडे.

झोप कधी येणार, हे दोन गोष्टींवर ठरते, असे प्रतिमान झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडले आणि ते आजही पायाभूत मानले जाते. पहिली गोष्ट म्हणजे झोपेची भूक. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि झोप अनावर होत जाते. चहा-कॉफीतले कॅफीन ॲडेनोसिनची जागा अडवते, म्हणून तरतरी येते. मात्र पाच-सहा तासांनंतरही त्यातले निम्मे कॅफीन शरीरात शिल्लक असते. संध्याकाळचा शेवटचा चहा रात्री अकरा वाजताही आपले काम करत असतो, तो असा. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचे घड्याळ. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या वरच सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक पुंजका आहे. तो उजेडाकडे पाहून शरीराची वेळ लावतो. हे दोन्ही जुळले की झोप लागते. यांतले एखादे हुकले, मेंदूतला झोप-जागेपणाचा तोल ढळला किंवा श्वासाची वाट अडली, की झोपेचा विकार जडतो.

निद्रानाश: जागरणाची लागलेली सवय

परीक्षा, आजारपण, घरातला मृत्यू, नोकरीचा घोर यांमुळे चार रात्री झोप न लागणे हा आजार नाही. आठवड्यातून किमान तीन रात्री झोप लागत नसेल, मध्येच मोडत असेल किंवा पहाटे फार लवकर जाग येत असेल, त्याचा दिवसाच्या कामावर परिणाम होत असेल आणि हे तीन महिने चालले असेल, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात.

मूळ कारण संपल्यावरही निद्रानाश का उरतो, याचा उलगडा न्यू यॉर्कचे मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी केला. काही माणसे मुळातच जागरणाला झुकलेली असतात. त्यांच्यावर एखादे निमित्त येऊन आदळते. मग झोप भरून काढायला माणूस लवकर आडवा होतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी झोपतो. या धडपडीमुळे रात्रीची झोपेची भूकच मरते. अंथरुणात तासन्तास तळमळून मेंदूत अंथरूण आणि जागेपण यांचे नाते पक्के होते. सोफ्यावर पेंगणारा माणूस गादीवर पाठ टेकताच टक्क जागा होतो, त्याचे कारण हे आहे.

उपचार नेमका यावरच घाव घालतो. निद्रानाशासाठीची ही बोधात्मक वर्तनोपचार पद्धती ‘सीबीटी-आय’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर हाच पहिला उपचार असावा, अशी शिफारस केली. या उपचाराचे नियम ऐकायला उफराटे वाटतात. रुग्णाने दोन आठवडे झोपेची नोंद ठेवायची. तो आठ तास अंथरुणात असून साडेपाच तासच झोपत असेल, तर त्याने अंथरुणात साडेपाच तासच राहायचे, मग झोपायला रात्रीचा एक का वाजेना. उठण्याची वेळ मात्र रोज तीच, रविवारीसुद्धा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या ठिकाणी मंद उजेडात शांत बसायचे आणि पेंग आली की परतायचे. अंथरुणात मोबाइल नाही, टीव्ही नाही, उद्याच्या कामांचा हिशोब नाही. पहिले काही दिवस जड जातात. मग झोपेची भूक वाढते आणि झोप सलग होते. अंथरुणातल्या वेळेपैकी पंच्याऐंशी टक्के वेळ झोपेत जाऊ लागला, की पंधरा-वीस मिनिटांनी वेळ वाढवत न्यायची. सहा-आठ आठवड्यांत बहुतेकांना फरक पडतो आणि तो टिकतो. फेफरे येणाऱ्यांनी, उन्माद-अवसादाचा आजार असलेल्यांनी आणि वाहन चालवणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये.

गोळ्यांना जागा आहे, पण ती थोड्या दिवसांपुरती. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची शरीराला सवय होते, तेवढ्याच झोपेला जास्त मात्रा लागू लागते आणि अचानक बंद केल्या तर झोप पूर्वीपेक्षा बिघडते. वृद्धांमध्ये तोल जाऊन पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका वाढतो. दीर्घकाळ घेत असलेली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्यानेच कमी करावी. दारूने झोप लवकर लागते खरी, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते.

घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

घोरणाऱ्याला सुखाची झोप लागली आहे, ही समजूत घराघरांत आहे आणि ती अनेकांच्या जिवावर बेतते. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. काहींचा घसा मुळातच अरुंद असतो, काहींच्या मानेभोवती चरबी साठलेली असते, काहींचा खालचा जबडा मागे असतो. ओली कागदी नळी जोराने ओढली की आतल्या आत चिकटावी, तसा अशा माणसाचा घसा श्वास घेताना मिटतो. छाती-पोट हलत राहते, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो. मेंदू काही क्षणांपुरता जागा होतो, घसा उघडतो आणि मोठा घर्रर्र आवाज होऊन श्वास सुरू होतो. पुन्हा झोप, पुन्हा अडथळा. हा झोपेतला श्वासरोध, म्हणजे स्लीप ॲप्निया. दहा सेकंद किंवा अधिक काळ श्वास थांबला तर तो एक झटका धरतात. तासाला पाच ते पंधरा झटके म्हणजे सौम्य, तीसच्या वर गेले तर तीव्र आजार. तीव्र आजाराचा रुग्ण एका रात्रीत शेकडो वेळा जागा होतो आणि सकाळी त्याला त्यातले काहीही आठवत नाही.

आठवत नाही म्हणून तो तक्रारही वेगळीच घेऊन येतो. सकाळी डोके दुखते, तोंड कोरडे पडते, रात्री तीन-चारदा लघवीला उठावे लागते, दिवसा सभेत किंवा स्टिअरिंगवर डुलकी लागते, तीन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नाही. रात्रीच्या लघवीचे कारण नवल वाटावे असे आहे. मिटलेल्या घशाविरुद्ध श्वास ओढताना हृदयावर ताण येतो, हृदय त्याला उत्तर म्हणून एक संप्रेरक सोडते आणि ते मूत्रपिंडांना अधिक लघवी तयार करायला लावते. अनियमित ठोके, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशीही या आजाराचे नाते आहे. २०२२च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून झोपेतल्या श्वासरोधाचेच नाव घेतले होते.

१९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या संशोधकांनी या आजाराची पहिली शास्त्रीय नोंद केली. तीव्र रुग्णांना पुढची पंधरा वर्षे एकच खात्रीचा उपाय होता, गळ्याला भोक पाडून श्वासनळीत नळी बसवणे. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी वेगळा विचार केला. घसा आतून मिटतो, तर नाकावाटे हवेचा हलका दाब देऊन तो उघडा का ठेवू नये? त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरला नळी आणि नाकावर बसणारा मुखवटा जोडला. रुग्णाचे घोरणे थांबले, श्वास सलग झाला आणि तो अनेक वर्षांत झोपला नव्हता असा झोपला. अशा पाच रुग्णांची हकिकत १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आली. ‘सीपॅप’ नावाचे ते यंत्र आज उशाशी मावते आणि मध्यम ते तीव्र आजारावर तोच मुख्य उपचार आहे. मुखवट्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. माप बदलून, हवा दमट करून ते सुसह्य करता येते. पहिल्या चार रात्रींत कंटाळून यंत्र कपाटात टाकणे हीच खरी चूक.

वजन उतरवणे, रात्रीची दारू बंद करणे, कुशीवर झोपणे यांनी सौम्य आजारात चांगला फरक पडतो. काहींना जबडा पुढे धरणारी दंतपट्टी लागू पडते, काहींना शस्त्रक्रिया. लहान मूल रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, वर्गात चुळबुळ करत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. मुलांमध्ये बहुतेक वेळा वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी कारणीभूत असतात आणि त्या काढल्यावर बहुतेक मुलांची झोप सुधारते.

हसता हसता कोसळणारी माणसे

१८८० मध्ये फ्रेंच डॉक्टर झेलिनो यांच्याकडे अडतीस वर्षांचा, दारूची पिंपे विकणारा एक व्यापारी आला. त्याला दिवसातून दोनशेपर्यंत झोपेचे झटके येत आणि मोठ्याने हसला की त्याचे गुडघे वळत. झेलिनोंनी या आजाराला नार्कोलेप्सी हे नाव दिले. त्याचे कारण मात्र शंभरहून अधिक वर्षे सापडले नाही.

ते सापडले कुत्र्यांमुळे. स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम डिमेंट यांनी हा आजार असलेल्या डॉबरमन आणि लॅब्रेडॉर कुत्र्यांची पैदास सांभाळली होती. आवडता खाऊ दिसला की आनंदाने ती जागीच कोसळत. एमान्युएल मिन्यो यांच्या गटाने वर्षानुवर्षे शोध घेऊन १९९९ मध्ये या कुत्र्यांमधले दोषी जनुक गाठले. ते हायपोक्रेटिन किंवा ओरेक्सिन नावाच्या द्रव्याच्या ग्राहकाचे होते. मेंदूला जागे ठेवणारे हे द्रव्य शास्त्रज्ञांना आदल्याच वर्षी सापडले होते. २००० मध्ये कळले, की माणसांच्या नार्कोलेप्सीत ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास पेशी नष्ट झालेल्या असतात. या पेशी कुठे असतात? हायपोथॅलॅमसमध्येच. झोपाळू रुग्णांच्या मेंदूत इकोनोमोंना त्याच्या ऐंशी वर्षे आधी इजा दिसली होती, त्याच परिसरात.

आजार किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात सुरू होतो आणि अशा मुलांवर आळशीपणाचा शिक्का बसतो. ठरलेल्या वेळी छोट्या डुलक्या, मोडॅफिनिलसारखी औषधे आणि कोसळण्याच्या झटक्यांसाठी वेगळी औषधे यांवर ही माणसे शिक्षण, नोकरी, संसार नीट करू शकतात. या शोधाने निद्रानाशाच्या उपचारालाही हातभार लावला. ओरेक्सिन अडवले तर झोप यावी, या तर्काने तयार झालेल्या औषधाला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

अस्वस्थ पाय आणि शरीरातले लोह

संध्याकाळ झाली, बसले किंवा आडवे झाले, की पोटऱ्यांत काहीतरी सरपटते, ओढ लागते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. उठून चालले की बरे वाटते, पडले की पुन्हा तेच. इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये याचे वर्णन केले आणि स्वीडनच्या कार्ल-ॲक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता मिळवून दिली. मेंदूतल्या लोहाची कमतरता आणि त्यामुळे बिघडणारे डोपामिनचे काम हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. गरोदरपणात आणि मूत्रपिंडाच्या आजारात तो वाढतो.

आपल्या देशात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. दिवसभर राबून पाय दुखतात, असे म्हणून रोज रात्री पाय चेपून घेणाऱ्या किंवा ओढणीने करकचून बांधणाऱ्या बाईची फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी व्हायला हवी. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन ७५च्या खाली असेल, तर या आजारात डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. अनेकांना त्याने आराम पडतो. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी मात्र त्रास वाढतो.

झोप आणि जाग यांच्या सीमेवर

मध्यरात्री जाग येते, डोळे उघडतात, पण हात हलत नाही, ओरडता येत नाही आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखे वाटते. गावोगावी याचा दोष भुताला दिला जातो आणि अंगारे-धुपारे होतात. खरे कारण स्वप्ननिद्रेत आहे. मेंदू जागा झालेला असतो, पण स्वप्नातला स्नायूंचा लुळेपणा अजून उतरलेला नसतो. सेकंदांत किंवा काही मिनिटांत तो उतरतो. अपुरी झोप आणि उताणे झोपणे यांनी हे वाढते. यातून जिवाला धोका नसतो.

याच्या नेमके उलट घडले तर स्नायू स्वप्नातही लुळे पडत नाहीत. ल्योनच्या मिशेल झूव्हे यांनी १९६५ मध्ये मांजरांच्या मेंदूतला एक लहानसा भाग निकामी केला, तेव्हा ती झोपेतच झडप घालू लागली. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी हाच प्रकार माणसांत दाखवला. स्वप्नात चोराशी झुंजणारे वयस्कर गृहस्थ प्रत्यक्षात शेजारी झोपलेल्या पत्नीला ठोसे मारत होते. पन्नाशीनंतर सुरू झालेल्या अशा झोपेकडे दुर्लक्ष करू नये, कारण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत यातल्या बहुसंख्यांना पार्किन्सन किंवा त्या कुळातला आजार होतो. लहान मुलांचे झोपेत चालणे आणि किंचाळणे गाढ झोपेतून अर्धवट जागे झाल्याने होते. वय वाढले की बहुतेकांचे ते थांबते. तोवर दारे-खिडक्या लावून ठेवाव्यात आणि मुलाला गदागदा हलवू नये.

घड्याळ चुकले तर

१७२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ द मेराँ यांनी लाजाळूचे रोप अंधाऱ्या जागी ठेवले. सूर्य दिसत नसतानाही पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. सजीवांच्या आत घड्याळ असते, याचा हा पहिला पुरावा. ते घड्याळ चालवणारी जनुके फळमाश्यांमध्ये उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. याच जनुकांपैकी एकात बदल झालेल्या एका अमेरिकन कुटुंबातली माणसे संध्याकाळी साडेसातला झोपून पहाटे साडेचारला उठत, हे २००१ मध्ये सिद्ध झाले. काहींचे घड्याळ याउलट मागे असते. रात्री दोन-तीनपर्यंत झोप नाही, सकाळी कॉलेजला जाग नाही. अशांना रागावून उपयोग होत नाही. सकाळी उठताच उन्हात अर्धा-पाऊण तास, रात्री मंद उजेड आणि तज्ज्ञाने ठरवून दिलेल्या वेळी अल्प मात्रेत मेलॅटोनिन, यांनी घड्याळ हळूहळू पुढे सरकते. पुण्याच्या हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्यांनी पाळी संपल्यावर गडद चष्मा लावून घरी जावे, खोली पूर्ण काळोखी करावी आणि पाळ्या सारख्या बदलणार नाहीत यासाठी आग्रह धरावा.

डॉक्टरांकडे जाताना

झोपेच्या तक्रारीत नीट विचारपूस हीच अर्धी तपासणी असते. दोन आठवडे झोपण्या-उठण्याच्या वेळा, चहा-कॉफी, दारू आणि चालू औषधे लिहून न्यावीत. घोरण्याचा, श्वास अडकण्याचा किंवा झोपेत हातपाय झाडण्याचा व्हिडिओ घरच्यांनी मोबाइलवर घ्यावा, कारण रुग्णाला स्वतःला त्यातले काहीच ठाऊक नसते. गरज पडली तर पॉलिसोम्नोग्राफी करतात. तिच्यात रात्रभर मेंदूच्या लहरी, श्वास, प्राणवायू, हृदयाचे ठोके आणि पायांची हालचाल नोंदवली जाते. श्वासरोधाची शंका असेल तर अनेकदा घरीच यंत्र लावून तपासणी होते. साध्या निद्रानाशात या चाचणीची सहसा गरज पडत नाही.

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराला धरून ठेवणारे तीन उपस्तंभ आहेत, असे चरकसंहिता सांगते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या आहाराची चौकशी आपण करतो. तितक्याच आपुलकीने घरातल्या माणसांच्या झोपेचीही करावी. घरात कुणाचा मोठ्याने घोरता घोरता श्वास थांबत असेल, कुणी दिवसा बसल्या जागी पेंगत असेल किंवा तीन महिने रात्री तळमळत असेल, तर वयाला, वजनाला, स्वभावाला दोष देत थांबू नका. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि निदान होईपर्यंत त्यांच्या हाती गाडीची चावी देऊ नका.